कन्सल्टन्सीवाल्याचं गिऱ्हाईक कोण?

ह्या महिन्यात पत्रं उघडली तर सगळा गठ्ठा एकाच विषयाचा, नोकरी लावून देणारे कन्सल्टन्सी, एजन्सी, ठेकेदार. मी वाळूजला एका कंपनीत अठरा वर्षं एचआरमध्ये काढली, ह्याच एजन्सीवाल्यांना चहा पाजला, त्यांची बिलं पास केली आणि काही अडवलीसुद्धा, म्हणून ह्यावेळी दुसरे विषय बाजूला ठेवतो. पत्रं जशी आली तशीच दिलीत, नावं तेवढी काढलीत.

काका नमस्कार, मी गेवराई तालुक्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, वर्ष झालं घरीच आहे. मागच्या महिन्यात संभाजीनगरला एका कन्सल्टन्सीत गेलतो. पंधराशे रजिस्ट्रेशन घेतलं अन् म्हणले वाळूजला शंभर टक्के लावतो, लागल्यावर पहिला अर्धा पगार द्यायचा. वरून डिप्लोम्याची ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतली. आता फोन केला की आज नाही उद्या करायलेत. दुसरा एक जण म्हणतो बिडकीनला गाड्यांची मोठी कंपनी यायली, आत्ताच पाच हजार भरून नंबर लावून ठेव. पप्पा म्हणतेत भर. मला काय कळंना गेलंय.

आधी मार्कशीट. बाकीचं नंतर वाच. उद्या सकाळची एसटी धर आणि मार्कशीट घेऊन ये. एजन्सीला, ठेकेदाराला, अगदी कंपनीलासुद्धा तुझं ओरिजिनल ठेवून घ्यायचं काही काम नसतं, ओरिजिनल बघायचं असतं आणि झेरॉक्स ठेवायची असते. टाळाटाळ केली तर साध्या कागदावर लिही, अमुक तारखेला माझी मार्कशीट घेतली ती परत द्या, आणि पोच माग. पोच देत नसतील तर तोच कागद घेऊन त्या हद्दीच्या पोलीस स्टेशनला तक्रार अर्ज दे. बहुतेक ठिकाणी अर्जाचं नाव काढलं की कपाटाची चावी सापडते.

आता पंधराशेचं. ऑफिस कसलं होतं ते तू लिहिलं नाहीस पण मी सांगतो, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांच्या लोगोचे कलर प्रिंट चिकटवलेले, टेबलावर एक लांब रजिस्टर ज्यात तुझ्याआधी चाळीस पोरांनी नाव-गाव-मोबाईल लिहिलेला, आणि पावतीवर जांभळ्या शिक्क्यात नॉन रिफंडेबल. बरोबर का? लोगोचा प्रिंट कुणीबी काढतो राव, त्याला कंपनीची परवानगी लागत नाही.

खरी कन्सल्टन्सी पोराकडून पैसे घेत नाही, कारण तिचे पैसे कंपनीकडून येतात. आमच्याकडं सरसकट दर होता वर्षाच्या पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे हिशोबानं बरोबर एक महिन्याचा पगार. दोन लाख चाळीस हजारांचं पॅकेज असलं तर एजन्सीचं बिल वीस हजार, वर १८ टक्के जीएसटी. पोरगं तीन महिन्यांच्या आत सोडून गेलं तर फुकटात दुसरं द्यायचं, असं ॲग्रीमेंटमध्येच लिहिलेलं असायचं. म्हणजे गिऱ्हाईक कंपनी, आणि आपण त्या दुकानातला माल. ऐकायला कडू लागतं, पण एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं उलगडतं, फोन का येत नाही, जॉइन झाल्यावर पहिले तीन महिने मात्र आठवड्याला कसा काय चालला म्हणून प्रेमानं कशापायी विचारतात, आणि नव्वद दिवस झाले की नंबर कसा काय विसरतात.

जी कन्सल्टन्सी तुझ्याकडूनच कमावती तिला तुला नोकरी लावायची घाई कशाला असंल? चाळीस पोरं गुणिले पंधराशे, तिचा धंदा रजिस्टरपाशीच संपला. अर्धा पगार मागणारे काही खरंच लावतात, खोटं नाही बोलत, पण ते बहुतेक लेबर कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे तू काम करणार कंपनीच्या लाइनवर आणि तुझा मालक ठेकेदार. ठेकेदाराला दर डोक्यामागं दर महिन्याला कमिशन कंपनी देतेच, तुझ्याकडून घेतलेला अर्धा पगार हा त्याचा वरचा. त्यात डिप्लोमावाल्याला हेल्पर म्हणून उभं करतात हे पण बघितलंय. विचारायचे प्रश्न दोनच, नियुक्तीपत्र कुणाच्या नावानं मिळणार आणि त्यावर हुद्दा काय असणार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यायलाच पाहिजे असं आहे, तेव्हा तोंडी ‘लावून देतो’ला भुलू नको.

बिडकीनचं सांगतो. टोयोटा किर्लोस्करनं जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार केला, आकडा वीस हजार कोटींचा, पेपरात आलं ते खरंय. पण करार होणं, प्लांट उभा राहणं आणि तिथं भरती निघणं ह्यात वर्षं जातात, आणि त्या भरतीत पाच हजार घेऊन नंबर लावायची खिडकी नसणार. वाळूजला बजाज १९८५ ला सुरू झाली तेव्हा आमच्या गावचे दोघं सायकलवर गेटवर जाऊन लागले, मधी कुणी नव्हतं. आता जमाना तो नाही हे कबूल, पण ऑरिकचं, म्हणजे बिडकीनच्या त्या नव्या औद्योगिक वसाहतीचं, नाव निघालं की चौकाचौकात जे ‘आपला माणूस आहे आतमधी’ म्हणणारे उगवलेत, त्यांच्यातल्या एकाचाही माणूस आत नाही. पप्पांना हे वाचून दाखव.

पंधराशे मागून बघ, पावती असंल तर लेखी माग. पण त्यापायी महिनाभर चकरा मारू नको, गेवराईहून येणंजाणं आणि वडापाव धरला तर चार-पाच चकरात तेवढेच गेले. त्यापेक्षा राज्य सरकारच्या महास्वयम ह्या रोजगार पोर्टलवर नाव नोंदव, जिल्ह्याच्या कौशल्य विकास रोजगार केंद्राचे मेळावे असतात तिथं जा, आणि डिप्लोमावाल्यांसाठी केंद्राचं अप्रेंटिसशिपचं पोर्टल आहे त्यावर फॉर्म भर. तिथं स्टायपेंड तुला मिळतो, तुला भरावा लागत नाही. अप्रेंटिस म्हणजे पर्मनंट नव्हे हे ध्यानात ठेव, पण वर्षभर हातात मशीन येतं आणि बायोडाट्यात लिहायला काहीतरी होतं.

नमस्कार सर. मी लातूरला एका फर्ममध्ये अकाउंट्स बघते, तीन वर्षं झाली. पुण्यात जॉब बघायचा म्हणून तीन एजन्सींना सीव्ही दिला. दोघींनी मला न विचारता एकाच कंपनीत पाठवला. आता एक जण फोनवर ओरडते की तुमच्यामुळे माझी प्रोफाइल डुप्लिकेट झाली, आणि कंपनीचा काही रिप्लायच नाही. शिवाय एका एजन्सीनं सीव्हीत तीनची पाच वर्षं केलीत, हे मला इंटरव्ह्यूतच कळलं. माझं काय चुकलं?

ताई, तुमचं चुकलं एवढंच की कुणाला कुठं पाठवायचं ते तुम्ही ठरवलं नाही. आतली गोष्ट सांगतो. आमच्याकडं एजन्सीचा मेल यायचा, एक्सेल शीट आणि सोबत वीस-तीस सीव्ही, सगळे एजन्सीच्या लेटरहेडवर घेतलेले आणि उमेदवाराचा मोबाईल, ईमेल खोडलेला. खोडतात ते एवढ्यासाठी की आम्ही परस्पर फोन करून फी बुडवू नये. आता तेच नाव दोन एजन्सींकडून आलं की आम्ही बघायचो मेल कुणाचा आधी पडला, तारीख आणि वेळ, ज्याचा आधी त्याची फी. पण दोघंही हक्क सांगायला लागले, कुणी म्हणतं मी आधी फोनवर सांगितलं होतं, की ती कटकट नको म्हणून तो सीव्हीच बाजूला पडायचा. मी स्वतः असे बाजूला टाकलेत, अभिमानानं सांगत नाही. दोन एजन्सींच्या भांडणात एक चांगली कॉस्टिंगवाली पोरगी आमच्या हातची गेली ते अजून आठवतं.

म्हणून इथून पुढं प्रत्येक एजन्सीला एक ओळ मेल करून ठेवा, व्हॉट्सॲप पण चालंल, की कंपनीचं नाव सांगून माझी हो घेतल्याशिवाय सीव्ही पाठवू नका. कंपनीचं नाव सांगत नसतील, ‘क्लायंट कॉन्फिडेन्शिअल आहे’ म्हणतील, तर गाव आणि इंडस्ट्री तरी विचारा, अंदाज येतो. वहीत लिहून ठेवा कुणी कुठं पाठवलं, तारखेसकट. ओरडणाऱ्या बाईला शांतपणे एवढंच सांगा की दोघींनीही मला विचारलं नव्हतं.

पाच वर्षांचं मात्र गंभीर आहे. ते खोटं एजन्सीचं असलं तरी कंपनीच्या फाईलला तुमच्या नावावर लागतं, आणि बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये जुन्या पगाराच्या स्लिपा, पीएफचा इतिहास बघतात तेव्हा उघडं पडतं, कधी कधी जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनी. त्या कंपनीच्या एचआरला स्वतः मेल करा, माझा अनुभव तीन वर्षांचा आहे, सोबत माझा मूळ सीव्ही जोडलाय. नोकरी गेली तर जाऊ द्या. आणि इथून पुढं सीव्ही वर्डमध्ये देऊ नका, पीडीएफ द्या, बदलायचाच असला तर बदलतील पण निदान कष्ट पडतील.

साहेब, उमरग्याहून लिहितोय. पुतण्याला सौदीला वेल्डर म्हणून पाठवतो म्हणून गावचाच एक जण एक लाख तीस हजार मागायलाय. म्हणतो आधी व्हिजिट व्हिसावर जाऊ द्या, तिकडं गेल्यावर बदलून घेऊ. पोरगं नववी शिकलंय. शेत गहाण ठेवायचा विचार चालूय.

शेत गहाण ठेवू नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडं गुन्हा आहे, पकडलं तर पोरगं तुरुंगात आणि गावचा माणूस गावात.

परदेशी कामाला पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडं नोंदणी लागते, आणि त्याला नोंदणी नंबर असतो. ई-मायग्रेट नावाची सरकारी साइट आहे, नोंदणी असलेल्यांची यादी तिथं मिळते, गावातल्या कुठल्याही शिकल्या पोराला मोबाईलवर बघायला सांगा. मी फक्त मधला माणूस, मुंबईचा मोठा एजंट वेगळाय, असं हा म्हणंल, तर कायद्यात ह्या मधल्याला जागा नाही. सर्व्हिस चार्ज जास्तीत जास्त तीस हजार आणि त्यावर जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशे, त्याची पावती मिळाली पाहिजे. एक लाख तीस हजार कुठून आले ते त्यालाच विचारा.

पुतण्या दहावी नाही म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी लागणारा, असणार, त्याला सौदीसारख्या १८ देशांत कामाला जायला सरकारची उत्प्रवास मंजुरी घ्यावी लागते. ही अडचण वाटते पण ती त्याच्या बाजूची आहे, मंजुरीसाठी पगाराचा करार दाखवावा लागतो आणि दहा लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. व्हिजिट व्हिसाची युक्ती हे सगळं चुकवायसाठीच असते. आणि पोरगं वेल्डिंग कुठं शिकलं ते लिहिलं नाहीत, आयटीआयचं सर्टिफिकेट नसंल तर आधी ते बघा.

काका, जालन्याला एका कारखान्यात एजन्सीकडून आहे, स्लिपवर पीएफ कापल्याचं दिसतं पण पासबुकात आठ महिन्यांपासून काहीच नाही. एजन्सीवाला म्हणतो येईल.

येणार नाही, आठ महिने म्हणजे येत नसतंय. आठही स्लिपा जपून ठेव, पासबुकाची प्रिंट काढ आणि पीएफ ऑफिसच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, टाकून तक्रार नोंदव, त्यात कारखान्याचं नाव पण लिही. ठेकेदारानं भरलं नाही तर मुख्य मालकानं, म्हणजे कारखान्यानं, भरावं असा नियम आहे, त्यामुळं नोटीस कारखान्याच्या एचआरला गेली की एजन्सीवाल्याचं बिल अडतं. मी अशी बिलं अडवलीत, चार दिवसांत पीएफ भरल्याचं चलन येतं.

सर, इंटरव्ह्यू होऊन तीन आठवडे झाले, एजन्सी काही सांगत नाही. किती वेळा फोन करावा? (परभणी)

दोनदा. दुसऱ्यांदाही ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणले तर समजून जा आणि दुसरीकडं बघायला लागा. सोमवारी करू नका, त्या दिवशी तिथं कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, बुधवारी अकरानंतर करा.