जिम सुटत नाही, प्रार्थना टिकत नाही

मावशी, मी वसईचा, वय २८. वेर्ण्याच्या एका कारखान्यात नोकरी, राहायला मडगावात. आठवड्यातून पाच दिवस जिम, रविवारी पहाटे कोलव्याच्या किनाऱ्यावर धावणं. यंदा उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, रोज तासभर प्रार्थना करायची असं ठरवलं, पण दुसऱ्याच आठवड्यात सगळं बारगळलं. गुडघे टेकले की कामाची टार्गेटं आठवतात, मन कोरडं ठक्क. आई फोनवर म्हणते, देहाचे चोचले पुरे झाले, आत्म्याकडे बघ. जिम सोडू का?
– एक वसईकर

वसईकरा, जिम अजिबात सोडू नकोस. तो मोकळा झालेला तास प्रार्थनेला मिळेल असं तुला वाटतंय, पण तो मोबाइलच खाईल.

आईच्या बोलण्याला आधार आहे, पण अर्धाच. शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा, भक्तीचा मात्र आताच्या आणि पुढच्याही जीवनात, असं बायबलमधल्या पत्रात संत पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलं. थोडा म्हणाला, शून्य नव्हे. ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळींना तर त्याने खेळाडूंचाच दाखला दिला: सुकून जाणाऱ्या मुकुटासाठी ते केवढं पथ्य पाळतात! करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत, म्हणजे हे पानांचे मुकुट त्या मंडळींच्या पाहण्यातले. स्वतःबद्दल तो म्हणतो, मी हवेत ठोसे मारत नाही. व्यायामाला नावं ठेवणारा माणूस असं बोलेल का?

आता तुझं काय बिघडलं ते बघू. जिममध्ये नवखा पोरगा पहिल्याच दिवशी बारला शंभर किलो लावायला गेला, तर तूच त्याला हटकशील. राखेच्या बुधवारी, उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, तू नेमकं तेच केलंस.

संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे शिपाईगडी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, अंथरुणाला खिळले आणि तिथेच आयुष्य पालटलं. जुन्या गोव्यातल्या बाँ जेझू चर्चमध्ये ज्यांचे अवशेष आहेत ते संत फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती. इग्नेशियसांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या प्रार्थनेच्या पुस्तकाच्या पहिल्याच सूचनेत लिहिलंय की चालणं, धावणं ही जशी शरीराची कसरत, तशी ही आत्म्याची. पुढे ते बजावतात, ज्याचं वय आणि कुवत जशी, तशीच साधना त्याला द्या. आणि तुझ्या कोरड्या मनासाठी तर खास सूचना आहे: नको वाटेल त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसा. मला हा माणूस कोचच वाटतो.

म्हणून तू दहाच मिनिटं धर. कामाला निघण्याआधी, रोज त्याच खुर्चीवर, मोबाइल दुसऱ्या खोलीत. शुभवर्तमानातला एक उतारा, रोझरीचं (जपमाळेचं) एक दशक, म्हणजे दहा मण्यांचा जप, बस. तेही घरच्या मराठीत; चर्चमधली कोंकणी मिस्सा (सामुदायिक उपासना) कितीही गोड वाटली तरी एकट्याने बोलताना आईची भाषाच ओठांवर येते. मन टार्गेटांकडे पळालं तर चिडू नकोस, उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाच. फारच उठावंसं वाटलं तर अकरावं मिनिट बसून दाखव. रात्री झोपताना पाच मिनिटं दिवसाची उजळणी कर: कुठे देव भेटला, कुठे आपण तोंड फिरवलं. मूड नसताना तू स्क्वॉट मारतोसच ना?

पण ही तुलना इथवरच चालते. दंड आरशात दिसतात, प्रार्थनेचं तसं नाही. कृपा ही घामाची मजुरी नव्हे. बसलास म्हणून देव तुझं देणं लागत नाही. तू फक्त दार उघडं ठेवतोस. सलग किती दिवस प्रार्थना झाली ते मोजणारी ॲपं असतात, ती मला मुळीच आवडत नाहीत. एक दिवस चुकला की माणूस आकड्यासाठी रडतो. पाहायचंच असेल तर लाइनवरच्या नव्या पोराकडून चूक झाल्यावर तू कसा बोलतोस ते पाहा.

रविवारच्या मिस्सेबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणून विचारते: किनारा आणि चर्च यांची वेळ एकच येते का? तर बऱ्याच चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी रविवारची मिस्सा असते, ती धर.

आणि हे दोन-तीन महिने टिकलं की उत्तर गोव्यात बागाला जेझुइटांचं, म्हणजे इग्नेशियसांच्याच संघाचं, रिट्रीट हाऊस (एकांतात प्रार्थना करायचं घर) आहे, तिथे एखाद्या शनिवार-रविवारसाठी विचारून बघ. इग्नेशियसांची पूर्ण साधना साधारण तीस दिवसांची असते. तुझा स्वभाव पाहता आधीच सांगून ठेवते, तिचं इतक्यात नाव काढायचं नाही.
– मावशी