मे महिन्यात ठाण्याहून एका दिवसात माथेरान: जमतं, पण घड्याळ धरून

तुमचा प्रश्न असा आहे: ठाण्याहून मे महिन्यात सकाळी निघून माथेरान बघून रात्री घरी परतता येईल का? सोबत ६८ वर्षांच्या आई, गुडघे दुखतात. मुलगा ७ वर्षांचा. गाडी न्यावी की लोकलने जावं, आणि तिथे खरंच थंड असतं का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण सगळा बेत त्यावरच ठरतो.

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. हवेचं तापमान दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे फरक पाच अंशांचा. ठाण्यात पस्तीस-छत्तीस असेल तर वर भर दुपारी तीस-एकतीस. स्वेटर लागणार नाही. बरं वाटतं ते आकड्यामुळे नाही, सावलीमुळे आणि वाऱ्यामुळे. पठारावर अंजनी, जांभूळ, हिरडा यांचं दाट रान आहे आणि बहुतेक रस्ते त्याच्या छपराखालून जातात. रानातून कड्यावरच्या उघड्या पॉइंटवर पाऊल टाकलं की ऊन लगेच चटका देतं, दहा पावलं मागे झाडाखाली आलं की जीव शांत होतो.

आता यातली मेख. वाटेतलं नेरळ डोंगराच्या पायथ्याला आहे, समुद्रापासून लांब, आणि मे महिन्यात तिथली दुपार ठाण्यापेक्षा कडक असते. पारा चाळिशी गाठतो. म्हणून एक दिवसाच्या सहलीत माझ्या मते एकच गोष्ट सांभाळायची: सकाळी साडेआठच्या आत दस्तुरी नाक्यावर, म्हणजे माथेरानच्या वेशीवर जिथे वाहनं थांबतात तिथे, पोचायचं आणि संध्याकाळी पाचच्या आधी खाली उतरायचं नाही. ज्यांची सहल फसते ते बहुतेक दहाला घरून निघतात, बाराला नेरळच्या टॅक्सी स्टँडवर उन्हात उभे राहतात आणि वर पोचेपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरलेले असतात.

लोकलनेच जा. ठाण्याहून सकाळी सहाच्या आसपासची कर्जत किंवा खोपोली लोकल पकडा. बदलापूर आणि अंबरनाथ गाड्या नेरळपर्यंत जात नाहीत, घाईत इंडिकेटर बघायचा राहतो आणि माणूस बदलापूरला अडकतो. बदलापूरनंतर वांगणी, शेलू आणि मग नेरळ. सव्वा तास धरा. तिकीट सकाळीच जाता-येताचं काढा, आणि काढायचं असेल तर कर्जतपर्यंतचं काढा. कारण शेवटी सांगतो.

शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारचं माथेरान आणि रविवारचं माथेरान ही दोन वेगळी गावं आहेत. रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉकही असू शकतो. तो सकाळी लवकर जाताना आडवा येत नाही, पण दुपारनंतरचं वेळापत्रक विस्कटतं.

नेरळ स्टेशनच्या बाहेर पडलात की शेअर टॅक्सी लागलेल्या असतात. माणशी भाडं ठरलेलं असतं. बसायच्या आधी विचारून घ्या आणि गाडी भरेपर्यंत थांबायची तयारी ठेवा. तिघांनी उरलेल्या सीटचे पैसे भरले तर लगेच निघते, आणि सकाळच्या त्या वीस मिनिटांसाठी हा खर्च करावा असं मी म्हणेन. घाट लहान पण उभा आहे, वळणं एकामागून एक येतात. मुलाला गाडी लागत असेल तर त्याला पुढच्या सीटवर, खिडकीपाशी, नजर रस्त्यावर ठेवून बसवा. उपाशीपोटी नेऊ नका. दोन बिस्किटं किंवा अर्धी पोळी पोटात असलेली बरी, दूध नको. वीस-पंचवीस मिनिटांत दस्तुरी.

इथे सगळी वाहनं थांबतात. माथेरानमध्ये खासगी मोटारींना बंदी आहे आणि २००३ पासून हा भाग केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केलेला आहे. नाक्यावर नगरपरिषदेचा प्रवेशकर भरायचा, पावती जपून ठेवायची. इथेच तुम्हाला घेरून सांगितलं जाईल की बाजार पाच किलोमीटर लांब आहे, शटल (नाक्याजवळून बाजारापर्यंत जाणारी छोटी रेल्वेगाडी) बंद आहे, घोड्याशिवाय जमणार नाही. बाजार अडीच-तीन किलोमीटर आहे. शटल चालू आहे की नाही ते अमन लॉज स्टेशनच्या खिडकीवर विचारायचं, वाटेत कोणाला नाही. स्टेशन नाक्यापासून थोड्या मिनिटांवर आहे.

अमन लॉज ते माथेरान ही शटल तुमच्यासाठी सगळ्यात चांगली. पहिली गाडी साधारण पावणेनऊच्या सुमारास सुटते, वीस मिनिटांत थेट बाजारात उतरवते. वेळा हंगामानुसार बदलतात, म्हणून अमन लॉजला पोचताच पहिलं काम म्हणजे फलकाचा फोटो काढणं, विशेषतः परतीच्या गाड्यांचा. तिकिटाच्या रांगेत एकाने उभं राहायचं, बाकीच्यांनी सावलीत बसायचं. डबे छोटे आहेत, पायरी उंच वाटते. आईंना आधी चढवा आणि दाराजवळचीच जागा द्या, म्हणजे उतरताना आत वळावं लागत नाही.

मुलगा म्हणेल, नेरळपासूनच झुकझुक गाडीने जाऊ. ती १९०७ साली सुरू झालेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची, वीस किलोमीटरची सुंदर लाइन आहे, जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप स्टेशनांवरून वळसे घेत चढणारी. पण चढायला अडीच तासांहून जास्त लागतात आणि खालचा अर्धा टप्पा तापलेल्या उघड्या डोंगरउतारावरून जातो. मुक्कामी जाणाऱ्यांसाठी ती ठीक. एका दिवसात ती घेतली तर थंड सकाळ गाडीतच संपते. शटलही त्याच रुळांवर धावते, मुलाची हौस तेवढ्यात भागते.

शटल भरली तर ई-रिक्षा आहेत, पण संख्या कमी आणि रांग मोठी. पॉइंटांना फिरायला त्या धरून बेत आखू नका. माणसाने ओढायची हातरिक्षा तर मुळीच धरू नका. ती सहा महिन्यांत बंद करावी असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगितलं, आणि ते फार आधी व्हायला हवं होतं.

घोड्याचा विचार आईंसाठी करत असाल तर एक गोष्ट आधी तपासा. दुखऱ्या गुडघ्याला घोड्यावर बसण्यापेक्षा चढणं-उतरणं जड जातं. दगडी ओटा किंवा पायरी असेल तिथूनच चढायचं. रिकीब (पाय ठेवायची कडी) आखूड असेल तर गुडघा सतत वाकलेला राहतो आणि वीस मिनिटांत ठणकायला लागतो, म्हणून घोडेवाल्याला सांगून पट्टा लांब करून घ्या. मुलाच्या बाबतीत उलट: पट्टा आखूड करायला सांगा, हेल्मेट मागा, लगाम घोडेवाल्याच्याच हातात राहील आणि घोडा चालतच जाईल, पळणार नाही, हे आधीच स्पष्ट बोला. रिकिबीत फक्त चवडा टेकवायचा. पूर्ण पाऊल आत गेलं तर पडताना ते अडकतं, आणि गंभीर अपघात तसेच होतात. दर ठरवताना पॉइंटांची नावं, वेळ आणि परत सोडण्याची जागा तिन्ही बोलून घ्या. नुसतं ‘सात पॉइंट’ म्हणाल तर शेजारशेजारचे सात कठडे दाखवून आणतील.

आता काय बघायचं. माथेरानचं पठार उत्तर-दक्षिण लांबट आहे. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, त्यामुळे पश्चिमेचे कडे सावलीत असतात आणि समोरचा प्रबळगड उजळलेला दिसतो. पूर्वेचे पॉइंट सकाळी डोळ्यांवर ऊन मारतात, दुपारनंतर तेच पाठीशी ऊन घेऊन छान दिसतात. म्हणून सकाळी पश्चिम, दुपारनंतर पूर्व.

नऊला बाजारात पोचाल. नाश्ता करून साडेनऊला शार्लोट तलावाकडे निघा. वाट दोनेक किलोमीटर, बहुतेक सावलीतली. तलावाचं पाणी गावाला पुरवलं जातं, त्यात उतरायचं नाही. जवळच ग्रामदैवत पिसारनाथाचं मंदिर आहे. आई तिथवर आल्या तर झाडाखाली तासभर निवांत बसतील. तोवर तुम्ही मुलाला घेऊन एको पॉइंट करून या. पाय चांगले असतील आणि अकरा वाजले नसतील तर पुढे लुईझा पॉइंट, नाहीतर सोडून द्या. आईंना एवढं चालणं नको असेल तर बाजारातल्या हॉटेलांत दिवसापुरती खोली मिळते का ते सकाळीच विचारा. मधल्या वारी बऱ्याचदा मिळते, आणि वयस्कर माणसासाठी पंखा, पलंग आणि स्वच्छ संडास यांचं मोल कुठल्याही पॉइंटपेक्षा जास्त आहे.

रस्ते जांभ्या मातीचे आहेत. मे महिन्यात वर बारीक लाल पीठ आणि खाली मोहरीएवढे गोल खडे असतात, त्यामुळे उतारावर चप्पल सटकते. मागे पट्टा असलेली सँडल किंवा खाचांच्या तळव्याचे कॅनव्हास बूट घाला, पांढरे नकोत. आईंना काठी द्या आणि उतारावर त्यांच्या पुढे राहा, बाजूला नाही. कठड्याबाहेर फोटोसाठी कोणीही जायचं नाही, कारण कड्याच्या काठावर हेच खडे असतात.

पाणी मोठ्या माणसामागे दोन लिटर, मुलामागे एक. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात एकाच वेळी विरघळवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून पिणं चूक आहे, मिठाचं प्रमाण बिघडतं. बाजारात कोकम सरबत मीठ घालून मागा. आईंना रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवा. कोणाला चक्कर, मळमळ, थंड घाम आला तर तिथेच सावलीत आडवं करायचं, मानेवर ओलं फडकं, घोट घोट पाणी. ‘थोडंच राहिलंय’ म्हणून चालवत नेऊ नका.

माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखीचा आहे. पिशवी चुरचुरली की झाडावरून उतरतात, हातातली ओढतात, पाठीवरच्या सॅकची चेनसुद्धा उघडतात. खाऊ डब्यात, डबा सॅकच्या तळाशी, आणि खायचं ते चार भिंतींच्या आत. हिसकावलंच तर सोडून द्या. ओढाताणीत चावतात, आणि मग त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला दवाखाना गाठावा लागतो.

बारा ते साडेतीन काहीही बघायचं नाही. जेवण, झोप, सावली. साडेतीनला सगळे मिळून खंडाळा पॉइंटला जा; बाजारापासून दहा-पंधरा मिनिटं, आईंनाही झेपेल. वाटेवर झाडांत शेकरू दिसायची शक्यता असते. लांब तांबूस शेपटी फांदीखाली लोंबताना आधी दिसते, प्राणी नंतर. करवंदं आणि जांभळं पानाच्या द्रोणात विकायला असतील ती जरूर घ्या. १८५० साली हा डोंगर चढून माथेरान प्रसिद्धीस आणणारे ह्यू मॅलेट हे ठाण्याचेच कलेक्टर, आणि महिनाही मेच होता, हे मुलाला चालता चालता सांगा.

सूर्यास्त मात्र एका दिवसात बसत नाही. मे महिन्यात सूर्य सातनंतर मावळतो, शेवटची शटल त्याआधीच निघून गेलेली असते, आणि पॉर्क्युपाइन पॉइंटहून अंधारात दस्तुरीपर्यंत चालत जाणं आईंना शक्य नाही. पाचच्या आसपासची शटल धरा आणि पाऊण तास आधी एकाने रांग लावा. चिक्की सकाळी घेऊन दिवसभर वागवू नका, उन्हात गूळ सुटतो. रांगेतल्या वेळात दुसऱ्याने घ्यायची.

गाडी न्यायचीच असेल तर थोडक्यात: चढताना पहिला-दुसरा गिअर, एसी बंद, तापमानाचा काटा वर सरकला तर कडेला थांबून इंजिन निवू द्या, रेडिएटरचं झाकण उघडू नका. उतरताना ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा. ब्रेकचा जळका वास आला तर थांबा. बिनगिअरची स्कूटर या घाटात नको. तिला इंजिनाचा रोध जवळजवळ नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ते तापून धरेनासे होतात.

आता कर्जतच्या तिकिटाचं कारण. संध्याकाळी नेरळला मुंबईकडची लोकल कर्जत किंवा खोपोलीहून भरून येते आणि ठाण्यापर्यंत उभं राहावं लागतं. त्याऐवजी कर्जतकडे जाणारी गाडी आधी आली तर तिच्यात बसा. मध्ये भिवपुरी रोड एवढं एकच स्टेशन, पंधरा मिनिटांत कर्जत. तिथून सुटणाऱ्या मुंबई लोकलमध्ये तिघांना बसायला जागा मिळते. अर्धा तास जास्त जातो, पण आईंचे गुडघे आणि पेंगुळलेला मुलगा दोन्हींची सोय होते. खोपोलीहून आलेली गाडी टाळा, ती कर्जतलाही भरलेलीच असते.