घरचं लग्न, हातचं काम: वाचकांचे प्रश्न

डिसेंबरात आमच्या अंगणातच लग्न करायचं ठरलंय. दीडशे माणसं असतील. पत्रिका, मुंडावळ्या, हार, अंतरपाट, तोरणं, मांडवाची सजावट, आलेल्यांना द्यायची भेट, सगळं घरीच करायचं मनात आहे. आई म्हणते, शेवटच्या आठवड्यात रडायची वेळ येईल. सुरुवात कुठून करू? (नियोजित वधू, सांगली)

आईचं अर्धं ऐका. टिकणारी आणि नासणारी कामं एकाच आठवड्यात आली की रडायची वेळ येते. म्हणून कापड आणि मोती दिवाळीआधी उरकून कपाटात ठेवून द्या. पत्रिका लग्नाच्या सहा आठवडे आधी हातात हव्यात, कारण वाटपालाच महिना जातो. लाडू आठवडाभर आधी वळा. फुलं मात्र आदल्या संध्याकाळी आणि त्याच सकाळी ओवायची, आणि त्यांना तुम्ही हात लावायचा नाही. हातावर मेंदी, अंगाला हळद आणि सकाळी नऊवारी नेसून अंबाडा घालायचा, एवढ्यात सुई-दोरा कुठे धरणार? फुलांची जबाबदारी एखाद्या मावशीच्या किंवा काकूच्या नावावर आजच टाका. "सगळ्या मिळून करू" म्हटलेलं काम कुणाचंच नसतं.

मांडवाची सजावट यादीतून काढा, हे आमचं स्पष्ट मत. सर्वांत जास्त तास तीच खाते आणि जेवायला बसल्यावर तिच्याकडे कुणी बघतही नाही. चार खांबांना केळीचे खुंट, दाराला आंब्याचे टाळे आणि झेंडूचं तोरण, एवढं अंगणातल्या लग्नाला शोभतं. वाचलेले हात अंतरपाट, मुंडावळ्या आणि हार यांच्याकडे वळवा. लोक त्याच गोष्टी जवळून पाहतात.

बहिणीच्या लग्नात मी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणणार आहे. पाच कडवी लिहून झाली, पण नेहमीच्या चालीत म्हणताना मध्येच अडखळायला होतं. काय चुकत असेल? (वाचक, ठाणे)

ओळीतली अक्षरं तुम्ही मोजली असतील, त्यांचं वजन तपासलेलं नसेल. मंगलाष्टकांची नेहमीची चाल शार्दूलविक्रीडित वृत्ताची आहे. ओळीत १९ अक्षरं, आणि बाराव्या अक्षरानंतर थांबा. लघू अक्षराला ल आणि गुरूला गा म्हटलं तर साचा असा होतो:

गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा

शेवटचं "कुर्यात् सदा मंगलम्" या साच्यावर म्हणून पाहा. कुर्, यात्, स, दा, मं, ग, लम्. थांब्यानंतरची सात अक्षरं नेमकी भरतात. म्हणजे प्रत्येक कडव्याच्या चौथ्या ओळीत तुम्हाला पहिली बाराच अक्षरं रचायची आहेत. नाशिकच्या मुलीसाठी एक ओळ नमुन्यादाखल:

गोदेच्या पदरी जशी बहरली, द्राक्षे तशी गोड ही

अडखळायला होतं ते बहुतेक वेळा नावांपाशी. नाव बदलता येत नाही, म्हणून आधी नावाची जागा ठरवायची आणि बाकीची ओळ त्याभोवती बांधायची. अदिती (ललगा) चौथ्या किंवा दहाव्या अक्षरापासून बसते. समीर (लगाल) पाचव्या किंवा सातव्यापासून. अनिकेत (ललगाल) फक्त चौथ्यापासून. प्राजक्ता (गागागा) ओळीच्या सुरुवातीलाच. बोलताना "समीर"मधला र आपण गिळतो, पण वृत्तात तो पूर्ण लघू मोजायचा.

दुसरी अडचण जोडाक्षरांची. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला तर ते ऱ्हस्व असूनही गुरू होतं. "पुण्य"मधला पु गुरू, पण "पुण्याची लेक"मधला पु लघूच राहतो, कारण तिथे आघात पडत नाही. कागदावर शंका आली तर ओळ मोठ्यानं म्हणा, कानाला लगेच कळतं. आडनावं, पदव्या आणि कंपन्यांची नावं घालण्याचा आग्रह घरातून होईल. तिथे ठाम राहा, त्यांनी वृत्त आणि कडवं दोन्ही जातात.

आता वेळेचं. एका कडव्याला पाऊण ते एक मिनिट लागतं आणि शेवटचं "सावधान" मुहूर्तावर पडायला हवं. पाच तुमची आणि दोन गुरुजींची म्हटलं तर सात मिनिटं आधी सुरुवात. गुरुजींना प्रत आधीच द्या. "तदेव लग्नं" त्यांच्यासाठी राखून ठेवा, म्हणजे घड्याळ पाहून शेवट तेच जुळवतील. वाटल्यास वधू-वरांनीही एकेक कडवं म्हणावं. त्यात नवं काही नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि त्या पद्धतीच्या लग्नात पुरोहिताशिवाय, वधू-वरांनीच एकमेकांना उद्देशून मंगलाष्टकं म्हणायची असतात.

अंतरपाटावर दोघांची नावं भरून घ्यायची आहेत. कापड कुठलं, माप काय? आणि मोत्यांच्या मुंडावळ्या घरी जमतील का? (वाचक, कोल्हापूर)

कापड सुती आणि आरपार न दिसणारं घ्या. जाड खादी किंवा मांजरपाट चालेल. आडवं दीड मीटर, उभं एक ते सव्वा मीटर. भरतकामाआधी एकदा धुऊन इस्त्री करा. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, आणि नंतर धुतलं तर टाक्यांभोवती चुण्या पडतात.

नक्षी कुठे काढायची हा खरा प्रश्न आहे. वधू-वर समोरासमोर उभे असतात, त्यामुळे समोर बसलेल्या पाहुण्यांना अंतरपाटाची फक्त कड दिसते. नक्षी दिसते ती त्या दोघांना आणि तिरक्या कोनातून फोटो काढणाऱ्याला. अंतरपाट उंच व्यक्तीच्या डोक्याच्या वर धरतात, म्हणून डोळ्यांची रेषा वरच्या काठापासून २५ ते ३० सेंटिमीटरवर येते. नावं तिथेच घ्या, खाली भरलेलं पाटाजवळच्या चुण्यांत जातं. दुसऱ्या बाजूला गाठी आणि उलटी अक्षरं दिसतील. त्यासाठी दोन वेगळे तुकडे भरून पाठीला पाठ लावून शिवा: वधूच्या बाजूला त्याचं नाव, वराच्या बाजूला तिचं. मध्यभागी वीतभर जागा मोकळी ठेवा, गुरुजी तिथे कुंकवानं स्वस्तिक काढतात.

काठ मध्ये झोळी होऊन खाली येतो म्हणून काही जण आत काठी घालतात. ती घालू नका. "सावधान" झाल्यावर अंतरपाट झटकन बाजूला ओढतात आणि काठी कुणाच्या तरी कपाळावर बसते. वरच्या दुमडीत जाड सुती पट्टी शिवा आणि दोन्ही कोपऱ्यांना बोटं अडकतील असे फास ठेवा. धरणारे दोन मामा ती ताणून धरू शकतात.

मुंडावळ्या नक्की जमतील. कपाळावर २८ सेंटिमीटरच्या दोन सरी, कानाशी दोन्ही बाजूंना २२ सेंटिमीटरच्या दोन-दोन लडी, असं धरलं तर ४ मिलिमीटरचे ३६० मोती लागतात. काही फुटतात, काहींची भोकं बुजलेली असतात, म्हणून एका जोडीला चारशे घ्या. तंगूस वापरू नका. तो ताठ असल्यानं लडी गालापासून लांब फेंगाडतात, आणि गाठ सुटते ती ऐन होमाच्या वेळी. दुहेरी पक्का दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या, म्हणजे मोत्याच्या भोकाच्या धारेनं तो कातरत नाही. प्रत्येक लडीच्या शेवटच्या मोत्यातून दोरा परत वर घेऊन गाठ मारा. बांधायला सुती नाडी लावा, सॅटिनची रिबन केसांवरून घसरते. वराचं माप वेगळं. त्याच्या मुंडावळ्या फेट्यावरून बांधायच्या असतात, त्यामुळे कपाळाची सर ३३ सेंटिमीटर आणि नाड्या प्रत्येकी अर्धा मीटर लागतात. एकदा फेटा बांधून पाहिल्याशिवाय शेवटची गाठ मारू नका.

डिसेंबरात मोगऱ्याचे हार आणि गजरे करता येतील का? दोन हार, तोरणं आणि बायकांसाठी पन्नास गजरे हवेत. (वाचक, सातारा)

मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यातला. डिसेंबरात तो मिळाला तरी महाग आणि बारीक मिळतो. तुमच्या हंगामाची फुलं शेवंती, निशिगंध, झेंडू आणि गुलाब. हार निशिगंधाचा करा आणि मध्ये गुलाब किंवा लाल शेवंती घाला. दोऱ्याची एकूण लांबी १६० ते १८० सेंटिमीटर ठेवा, वधू ठेंगणी असेल तर दीड मीटर पुरे. वजन अर्ध्या-पाऊण किलोच्या वर गेलं की हार दागिने आणि पदर खाली ओढतो. गुलाब ओले असताना ओवले तर वजन आणखी वाढतं, शिवाय पांढऱ्या फुलांना गुलाबी डाग पडतात.

झेंडूचा हिशेब सोपा आहे. किलोत मध्यम आकाराची शंभर-सव्वाशे फुलं येतात आणि दाट ओवलं तर त्यांत साडेतीन-चार मीटर तोरण होतं. दर पाच-सहा फुलांनंतर आंब्याचं पान घातलं तर तेवढ्यातच आणखी मीटरभर निघतं. झेंडूवर पाणी शिंपडू नका. ओला झेंडू पिशवीत कोंडला की आतून तापतो आणि सकाळी देठाशी काळा पडतो. गोणपाटावर एकच थर पसरून ठेवा. निशिगंधाचं उलट, त्याला ओल्या मलमलीत गुंडाळून करंडीत ठेवायचं. पन्नास गजऱ्यांऐवजी शेवंतीच्या पन्नास छोट्या वेण्या करा. त्या आदल्या रात्री करून ठेवल्या तरी दुपारपर्यंत टवटवीत राहतात.

हातकागदावर पत्रिका घरच्या प्रिंटरवर छापायला गेलो तर कागद अडकतो आणि शाई पसरते. (वाचक, पुणे)

प्रिंटरचा नाद सोडा. हातकागदाची जाडी एकसारखी नसते, रोलर जाड जागी अडकतो. खळ कमी असलेल्या कागदात शाई तंतूंमधून पसरते. बिया घातलेला कागद असेल तर रोलरखाली बियाही चिरडतात आणि तो कागद पेरून काही उगवत नाही. या कागदाला स्क्रीन प्रिंटिंग किंवा लाकडी ठसा मानवतो. १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था तुमच्या पुण्यातच आहे. तिथे नमुन्याचे दोन-चार कागद घेऊन आधी ठसा उठवून पाहा. शाई पसरली तर तोच कागद जास्त खळीचा मागा.

पत्रिका माणसं मोजून नाही, घरं मोजून काढा. दीडशे पाहुण्यांना साठ पत्रिका होतात, वर दहा जास्तीच्या ठेवा. कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलंत तर पूर्ण सुकल्याशिवाय एकावर एक रचू नका, वरच्या पत्रिकेच्या पाठीवर लाल ठिपके उमटतात.

अक्षतांचे डाग शालूला पडू नयेत म्हणून काय करावं? (वाचक, सोलापूर)

तांदूळ पाण्यात भिजवून रंगवतात, तिथेच गडबड होते. ओल्या अक्षता कपड्याला रंग देतात आणि डब्यात बुरशी धरतात. किलोभर तांदळाला दोन चमचे तेल चोळा, मग चमचाभर हळद. सावलीत पसरून कोरडं करा आणि चाळणीतून हलवून सुटी पूड काढून टाका. कुंकू टाळलंत तर उत्तम. माणशी २० ते २५ ग्रॅम पुरतात, दीडशे जणांना साडेतीन किलो. तरीही डाग पडलाच तर साबण लावल्यावर तो लालसर होतो, घाबरू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो. सुती कपडा उन्हात वाळवा. रेशमी शालू मात्र ड्रायक्लीनला द्या.

नोंदणी पद्धतीनं लग्न करून संध्याकाळी घरीच छोटा समारंभ करणार आहोत. तारीख आधी ठरवावी की नोटीस आधी द्यावी? (वाचक, नाशिक)

नोटीस आधी. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न उरकावं लागतं. दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी किमान ३० दिवस राहत असायला हवा. तीन साक्षीदार लागतात. पत्रिका या सगळ्यानंतर छापायला द्या.

भेट म्हणून बेसनाचे लाडू घरी करणार आहोत. दीडशे लाडवांना किती साहित्य लागेल? (वाचक, रत्नागिरी)

एक किलो जाडसर बेसन, साडेपाचशे ग्रॅम तूप आणि आठशे-नऊशे ग्रॅम पिठीसाखर यांचे ३५ ग्रॅमचे पासष्टएक लाडू होतात. दीडशेसाठी अडीच किलो बेसन धरा, थोडे घरच्यांसाठी उरतील. एका कढईत किलोपेक्षा जास्त भाजू नका, तळाचं करपतं आणि वरचं कच्चं राहतं. मंद आचेवर पाऊण तास तरी लागतो. साखर बेसन कोमट झाल्यावरच घाला. गरम असताना घातली तर ती विरघळते आणि वळलेले लाडू ताटात बसके होतात. कोकणात ओल्या नारळाचे लाडू करायचा मोह होईल, पण ते दोन-तीन दिवसांत वास मारतात. बेसनाचे पंधरा दिवस सहज टिकतात. कागदी पुडीत बांधायचे असतील तर आत बटर पेपर घाला, नाहीतर तूप बाहेर येऊन पुडीवरची नावं पुसली जातात.