समाजशास्त्रात विषमता, लिंगभाव आणि वंचितता यांचा अभ्यास एकत्र का करतात?

कारण प्रत्यक्षात त्या एकाच माणसाच्या वाट्याला येतात. बीडची ऊसतोड घ्या. तिथे मजूर 'कोयत्या'वर मोजतात, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) बहुतेक वेळा नवरा घेतो, हिशेबही त्याच्याच नावावर. फेडताना मात्र दोघं राबतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. त्याआधी पहाटे उठून कोपीवरचा, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतला, स्वयंपाक आणि पाणी तिनंच केलेलं असतं, ते कोण मोजतंय!

एक दिवस खाडा झाला की दंड. पाळी, गरोदरपण, आजारपण, काहीही कारण चालत नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीच्या निमित्तानं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीमुळं खाडा पडू नये, हेही त्यामागचं एक कारण सांगितलं जातं. नुसतं 'गरिबी' म्हणून हे उलगडत नाही, कारण गरीब तर नवराही आहे. नुसतं 'बाई' म्हणूनही नाही, कारण बागायतदाराच्या घरातल्या बाईवर ही वेळ येत नाही. शिवाय मजुरांच्या टोळ्यांमध्ये भूमिहीन दलित, बंजारा, वंजारी कुटुंबं मोठ्या संख्येनं असतात, आणि करार मुकादमामार्फत असल्यानं कारखाना सहज हात झटकतो.

अभ्यास करायचा असेल तर कुटुंबाचं उत्पन्न विचारून थांबू नका. उचल कोणाच्या हातात पडली, ते आधी विचारा.