कळलावीतली कळ कोणती?

इंदूरच्या एका मराठी बालवर्गाच्या ताईंचा प्रश्न: पावसाळी सहलीत पातालपाणी धबधब्याच्या वाटेवर झुडपांत दिसलेल्या लाल-पिवळ्या फुलाला मुलांपुढे काय म्हणायचं? शेजारचे ‘कलिहारी’ म्हणतात, मुलं ‘जंगली लिली’, आणि एका पालकांनी ‘बचनाग’ सांगितलं.

‘बचनाग’ आधी खोडा. ही चूक छापील पुस्तकांतही वर्षानुवर्षं चालली आहे आणि ती निरुपद्रवी नाही. बचनाग म्हणजे वत्सनाभ, हिमालयातली निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती. मूळ वासराच्या बेंबीसारखं, म्हणून वत्सनाभ. बोलता बोलता ‘नाभ’चा ‘नाग’ झाला, सापाचा काही संबंध नाही. तिचं विष हृदयाचे ठोके बिघडवतं. या फुलाच्या झाडातलं विष वेगळं: कोल्चिसिन. ते पेशींचं विभाजन रोखतं. डॉक्टरांना चुकीचं नाव सांगितलं तर उपचार भलत्याच वाटेला लागतील.

‘लिली’ चालवून घेता येईल. पूर्वी हिला लिलीच्या कुळात धरत, आता कोल्चिकम नावाच्या फुलझाडाच्या कुळात धरतात.

मराठी नाव कळलावी, आणि ‘ळ’ स्वच्छ उच्चारायचा, ‘कललावी’ नव्हे. तुमच्याकडच्या माळवी बोलीत ‘ळ’ आहे, तेव्हा इंदुरात राहून जीभ वळत नाही ही सबब चालणार नाही.

आता कळ कोणती? बहुतेक वनस्पती-लेखक ठामपणे लिहितात की प्रसूतीच्या कळा आणणारी म्हणून कळलावी. कंदाचा तसा उपयोग होत असे हे खरं, पण त्यावरून नाव पडलं हे मला साफ अमान्य आहे. क्रियापद बघा. पोटात कळ येते, उठते, मारते. ‘लावतात’ ती भांडणाची कळ. कळलाव्या माणूस, कळीचा नारद, ही तीच कळ. संस्कृतात हिचं एक नाव कलिकारी. कलि म्हणजे भांडण. दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ मराठीत ‘ळ’ होतो: फल-फळ, कमल-कमळ, तशी कलि-कळ. कारी म्हणजे करणारी, लावणारी. कलिकारी, कळलावी: जोडाला जोड बसला! घरात हे फूल आणलं की भांडणं होतात, ही समजूतही त्याच अर्थाची. प्रसूतीचा गुण सांगायला भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात ‘गर्भनुत्’ हे वेगळं नाव आहेच; मग तोच अर्थ कळलावीत कोंबायची गरज काय? शेजाऱ्यांची कलिहारीही या कलीचीच, म्हणून त्यांचं चूक नाही.

मुलांना ओळख पानापासून करून द्या. पानाचं टोक लांबून दोऱ्यासारखं वळतं आणि शेजारच्या काडीला विळखा घालतं. वेल त्यावरच चढते. फूल खाली मान घालतं, पण त्याच्या सहा नागमोडी पाकळ्या उलट्या वर वळतात. आधी हिरवट, मग बुडाशी पिवळ्या नि टोकाला लाल, शेवटी सगळ्या लाल. पुंकेसर सहा, आणि स्त्रीकेसराचा दांडा काटकोनात बाजूला वळलेला. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने 1753 मध्ये ग्लोरिओसा सुपर्बा, म्हणजे लॅटिनमध्ये ‘वैभवशाली, दिमाखदार’, असं नाव दिलं ते या थाटामुळे. तमिळनाडूचं हे राज्यफूल.

बघायचं, तोडायचं नाही, उकरायचं तर मुळीच नाही. झाड सगळंच विषारी, कंद सर्वांत जास्त; रताळं किंवा रानकंद समजून तो खाल्ल्यानेही माणसं दगावली आहेत. काही तासांत तोंडाची आग, उलट्या, जुलाब सुरू होतात. वाट न बघता दवाखाना गाठायचा, सोबत झाडाचा तुकडा न्यायचा.

त्या कंदाचं चित्र मात्र मुलांना जरूर दाखवा. तो दोन फाट्यांचा, नांगरासारखा वाकडा असतो, म्हणून संस्कृतात हिला लांगली आणि हलिनीही म्हणतात. लांगल आणि हल म्हणजे नांगर, आणि आपला ‘नांगर’ शब्द त्या ‘लांगल’पासूनच आला: पहिल्या ‘ल’चा ‘न’ झाला, शेवटच्याचा ‘र’.