स्लो कुकरमध्ये बार्बेक्यू ब्रिस्केट, पहिल्यांदाच करणाऱ्यासाठी

ब्रिस्केट म्हणजे बीफचा छातीकडचा तुकडा. सगळ्यात आधी सांगतो, पाणी भसाभस ओतू नकोस, बीफ स्वतःच भरपूर रस सोडतं, तळाला कांद्याच्या जाड चकत्या आणि अर्धा कप स्टॉक एवढं पुरे. आदल्या रात्री मीठ, मिरपूड, पॅप्रिका, लसूण पावडर आणि थोडी ब्राऊन शुगर चोळून फ्रिजमध्ये ठेव. फ्रोझन तुकडा थेट कुकरमध्ये टाकायचा नाही, आधी पूर्ण डिफ्रॉस्ट कर. सकाळी कडकडीत तापलेल्या तव्यावर सगळ्या बाजू खरपूस करून घे, ही पायरी गाळू नको प्लीज, कारण कुकरमध्ये नुसती वाफ असते, तिथे तो रंग आणि चव येतच नाही. मग चरबीची बाजू वर, झाकण लाव आणि कुकरच्या 'लो' सेटिंगवर दीड-दोन किलोला ८ ते १० तास.

मध्येच टोचून बघशील तर चिवट लागेल आणि वाटेल वाया गेलं, पण तसं नसतं रे, ब्रिस्केटमधलं कोलॅजन (मांसाला चिवट ठेवणारं प्रथिन) विरघळायला वेळ लागतोच, आतलं तापमान ९३-९५ अंश सेल्सिअसला आलं आणि काटा अलगद आत गेला की झालं. सारखं झाकण उघडू नको, उष्णता जाते. बार्बेक्यू सॉस शेवटी, म्हणजे तुकडा ट्रेवर काढून वरून ब्रश कर आणि ओव्हनच्या ग्रिलखाली ५ मिनिटं, कडा चिकट, काळपट व्हायला लागल्या की काढ, साखर पटकन जळते. २० मिनिटं तसंच राहू दे, मग धाग्यांना आडवं काप, उभं कापलंस तर चावत बसशील.