वाचकांचे प्रश्न : खलाशी पद्धतीच्या तिसऱ्या

प्रश्न : स्पेनच्या गालिसिया प्रांतात आम्ही ‘आल्मेहास आ ला मारिनेरा’ हा शिंपल्यांचा पदार्थ खाल्ला. घरी परतल्यावर बाजारातून तिसऱ्या आणून तो करून पाहिला. वाळू दाताखाली आली, मांस चिवट झाले आणि रस्सा इतका खारट झाला की त्यात पाणी घालावे लागले. मग त्याला चवच उरली नाही. कांदा, लसूण, मैदा, व्हाइट वाइन हे सारे कृतीप्रमाणेच घेतले होते. नेमके काय बिघडले असेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आपल्या तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. या पदार्थातला रस्सा कांदा-लसणाच्या किंवा वाइनच्या जोरावर उभा राहत नाही. शिंपला उघडताना त्यातून जे खारे पाणी सुटते, तेच त्याचे खरे अंग असते. ते पाणी वाळूविना हाती यावे, त्यात वरून मीठ पडू नये आणि ते हाती आल्यावर मांस आचेवर रेंगाळू नये, एवढे सांभाळले की बाकीचा स्वयंपाक अर्ध्या तासाचाही नाही.

आधी निवड. फुटके शिंपले काढून टाकावेत. तोंड उघडे असलेल्या तिसरीवर बोटाने टिचकी मारावी. ती मिटली तर जिवंत आहे, न मिटल्यास फेकून द्यावी. याखेरीज मिटलेला प्रत्येक शिंपला अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दोन्ही शिंपा एकमेकींवर सरकवून पाहाव्यात. जिवंत तिसरी जागची हलत नाही. मेलेली आणि नुसता चिखल भरलेली असेल तर शिंपा सहज सरकतात. कंटाळवाणे काम आहे, पण असा एक चिखलाचा शिंपला पातेल्यात उघडला तर सगळा रस्सा वाया जातो, आणि आपल्या बाबतीत तसे घडले असण्याची शक्यता बरीच आहे.

मग वाळू. तिसरी वाळूत किंवा चिखलात स्वतःला गाडून घेते आणि दोन नळ्या वर काढून पाणी आत-बाहेर करते. त्या पाण्याबरोबर गेलेले कण तिच्या आत राहतात. ते तिनेच बाहेर टाकावेत यासाठी तिला जिवंत आणि निवांत ठेवावे लागते. नळाच्या गोड्या पाण्यात बुडवल्यास ती तोंड घट्ट मिटून घेते आणि काही वेळाने मरते, म्हणून रात्रभर साध्या पाण्यात भिजत घालणे या पदार्थाला मारक आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते, खाडीत त्याहून कमी. तेव्हा लिटरमागे 30 ग्रॅमच्या आसपास खडे मीठ पूर्णपणे विरघळवून घ्यावे, परातीच्या तळाशी जाळी ठेवून तीवर तिसऱ्या एका थरात मांडाव्यात, त्या जेमतेम बुडतील एवढेच पाणी घालावे आणि परात झाकून थंड जागी दोन-तीन तास ठेवावी. अर्ध्या तासाने झाकण हळूच उचलून पाहिले तर फटींतून फिकट नळ्या बाहेर आलेल्या दिसतात आणि मधूनच एखादी पिचकारी परातीबाहेर ओट्यावर उडते. पाणी तिसऱ्यांना मानवल्याची हीच खूण. मध्ये एकदा पाणी बदलावे. शेवटी मात्र पाणी ओतून देऊ नये, तिसऱ्या हातांनी वर उचलून घ्याव्यात. परात कलंडली की तळाला बसलेली वाळू पुन्हा त्यांच्याच अंगावर येते. उचललेल्या तिसऱ्या नळाखाली झटपट धुवाव्यात, म्हणजे बाहेरून लागलेले मिठाचे पाणीही निघून जाईल.

अनेक स्पॅनिश कृतींमध्ये शिंपले थेट रश्श्यातच उघडतात. तिसऱ्यांसाठी मी दुसरी रीत सुचवीन, जी स्पेनमधल्या घरांतही चालते : शिंपले आधी वेगळे उघडावेत. पसरट पातेल्यात एक किलो तिसऱ्या आणि पाव वाटी पाणी घालून झाकण लावावे आणि आच मोठी ठेवावी. काही मिनिटांत शिंपले उघडू लागतात. बहुतेक उघडल्यावर आणखी तीन मिनिटे झाकण ठेवून उकळू द्यावे, मग झाऱ्याने शिंपले काढून घ्यावेत आणि मिटलेले राहतील ते टाकून द्यावेत. पातेल्यातले धुरकट पाणी मलमलीच्या दुहेरी फडक्यातून गाळावे आणि तळाचा शेवटचा चमचाभर भाग मोह न धरता सोडून द्यावा. आपल्याकडे एकशिपी, म्हणजे एका शिंपीत मांस ठेवून तिसऱ्यांचे कालवण, करताना विळीवर शिंपला उघडतात, तेव्हाही जाणती गृहिणी खाली ताट धरून निथळणारे पाणी जपते; इथेही तेच जपायचे आहे.

आता रस्सा. पसरट कढईत चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल मंद तापवून त्यात एक मध्यम कांदा अगदी बारीक चिरून घालावा आणि तो लाल न होता लोण्यासारखा मऊ होईपर्यंत, म्हणजे दहा-बारा मिनिटे, परतावा. मग लसणाच्या तीन-चार पाकळ्या बारीक चिरून, त्यानंतर एक सपाट मोठा चमचा मैदा घालून मिनिटभर हलवत राहावे, म्हणजे पिठाचा कच्चेपणा जातो. कढई आचेवरून उतरवून एक लहान चमचा स्पॅनिश लाल मिरचीची पूड, म्हणजे पिमेंतोन, घालावी. आचेवर घातल्यास ती क्षणात करपते आणि कडू होते. लगेच 150 मिलिलिटर कोरडी व्हाइट वाइन ओतून कढई पुन्हा आचेवर ठेवावी आणि दोन मिनिटे खळखळून उकळावी. त्यानंतर गाळलेले पाणी एकदम न ओतता आधी निम्मे घालावे, चव पाहावी आणि खारटपणा झेपेल तेवढेच पुढे वाढवावे. आपल्या रश्श्याचा खारटपणा इथेच टळला असता, कारण शिंपल्याचे पाणी आटते तशी त्याची खारटी वाढत जाते, आणि कांद्यावर आधीच मीठ टाकले असेल तर ती आवरणे अवघड होते. मीठ घालायचेच झाले तर अगदी शेवटी, पण बहुधा लागत नाही. रस्सा चमच्याला पातळसा चिकटू लागला की तिसऱ्या आत सोडाव्यात, कढई दोनदा हलवावी, मूठभर चिरलेली पार्स्ली भुरभुरावी आणि मिनिटभरात उतरवावे.

दोन पानांबद्दल थोडे. स्पॅनिश कृतीत तमालपत्र सांगितलेले असते, पण ते भूमध्य सागराकडच्या लॉरेल झाडाचे पान असते. आपले तमालपत्र दालचिनीच्या कुळातले आहे आणि त्याचा मसालेदार वास या रश्श्यावर स्वार होतो, तेव्हा ते गाळलेलेच बरे. पार्स्ली मिळाली नाही तर कोथिंबीर घालण्याचा मोह होईल. घालावी, बिघडत काहीच नाही, मात्र ताटात येणारा पदार्थ गालिसियाचा राहणार नाही.

हा पदार्थ चमच्याने संपत नाही, त्याला पाव लागतो, आणि तोही कडक सालीचा. गोव्यातील वाचकांना पोदेराकडचा उंडो आहेच. मुंबई-ठाण्याकडे इराणी बेकरीतला ब्रुन त्याहूनही सरस ठरेल, कारण रस्सा पिऊनही तो लगेच लगदा होत नाही.

प्रश्न : स्पेनमध्ये शिंपले उघडले की लगेच उतरवतात असे ऐकले आहे. आपल्याकडे ते सुरक्षित आहे का? मिठाच्या पाण्यात ठेवल्याने शिंपले स्वच्छ होतातच ना? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : मिठाच्या पाण्याने वाळू जाते, जंतू आणि विषाणू जातात असे नाही. शिंपले पाणी गाळून आपले अन्न मिळवतात, त्यामुळे त्या पाण्यात सांडपाणी मिसळत असेल तर हिपॅटायटिस ए किंवा नोरोव्हायरससारखे विषाणू त्यांच्या अंगात साठतात. युरोपीय संघात शिंपल्यांच्या क्षेत्रांचे ई. कोलाय जंतूंच्या प्रमाणानुसार अ, ब, क असे वर्ग केलेले आहेत. ‘अ’ वर्गातला माल थेट विकता येतो. ‘ब’ वर्गातला माल शुद्धीकरण केंद्रातील स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत ठेवून, दुसऱ्या स्वच्छ क्षेत्रात हलवून किंवा ठरवून दिलेली उष्णतेची प्रक्रिया करूनच बाजारात आणावा लागतो. गालिसियाच्या खाड्यांत ओहोटीच्या वेळी दंताळे आणि बादली घेऊन वाळू उकरणाऱ्या परवानाधारक मारिस्कादोरा, ज्या बहुतांशी स्त्रियाच असतात, त्यांनी वेचलेल्या मालालाही हाच नियम लागू होतो. कोकणातल्या खाड्यांतही ओहोटीला तिसऱ्या काढणाऱ्या बहुधा बायकाच दिसतात, पण त्यांच्या टोपलीतून आपल्या पिशवीत येईपर्यंत मधे अशी टाकी असेल हे गृहीत धरू नये.

म्हणून स्पेनमधली वेळ जशीच्या तशी उचलू नये. शिंपला उघडणे ही तो शिजल्याची खूण नव्हे. उघडल्यानंतरही तीन ते पाच मिनिटे उकळी चालू ठेवावी. हिपॅटायटिस ए विषाणू निष्प्रभ होण्यासाठी मांसाच्या आतपर्यंत 90 अंश सेल्सिअस तापमान दीड मिनिट टिकावे लागते, आणि ते नुसत्या वाफेच्या झुळकीने साधत नाही. यामुळे मांस किंचित घट्ट होते हे खरे. परंतु चिवटपणा या तीन मिनिटांनी येत नाही, तो पुढे रश्श्यात पंधरा-वीस मिनिटे रटरटू दिल्याने येतो. काही सागरी शेवाळांमुळे शिंपल्यांत साठणारे विष मात्र उकळूनही नष्ट होत नाही, तेव्हा समुद्राच्या पाण्याचा रंग बदलल्याची वार्ता असेल त्या काळात शिंपले घेऊच नयेत. गर्भवती स्त्रिया आणि यकृताचा विकार असलेल्यांनी अर्धकच्चे शिंपले टाळावेत. ज्यांना कोळंबी-खेकड्यांची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

प्रश्न : आमच्या घरी वाइन चालत नाही. तिच्याऐवजी कोकम घातले तर? आणि पिमेंतोनला पर्याय काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : उकळल्याने वाइनमधील सगळे मद्य उडून जाते ही समजूत बरोबर नाही, काही अंश राहतोच, त्यामुळे ज्यांना ती वर्ज्य आहे त्यांनी ती न घालणेच योग्य. वाइन इथे मुख्यतः आंबटपणासाठी असते. तेवढ्याच प्रमाणात शिंपल्याचे पाणी आणि साधे पाणी निम्मे-निम्मे घ्यावे आणि उतरवताना लिंबाचा रस किंवा द्राक्षाचे व्हिनेगर चमचाभर घालावे. कोकमाने रस्सा जांभळट होतो आणि चव सरळ कोकणात येऊन पोहोचते. तसे करायचे असेल तर मैदा आणि पार्स्ली सोडून नारळच वाटावा, अर्धे इकडचे अर्धे तिकडचे करू नये. ज्यांना वाइन चालते त्यांच्यासाठी सांगायचे तर गालिसियात आल्बारिन्यो द्राक्षाची वापरतात. नाशिककडची कोरडी सोव्हिन्यों ब्लांक इथे उत्तम चालते, मात्र गोडसर शेनिन ब्लांक टाळावी.

पिमेंतोनचा सर्वांत नावाजलेला प्रकार एस्त्रेमादुरा प्रांतातल्या ला वेरा भागात होतो. तिथे मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर सुमारे दोन आठवडे सुकवतात, आणि तो धूर आपल्या कोणत्याही तिखटात नसतो. रंगासाठी काश्मिरी किंवा ब्याडगी मिरचीची पूड निम्म्या प्रमाणात घ्यावी आणि धुराचा वास नाही म्हणून खंत करू नये, कारण गालिसियातल्याही अनेक घरांत या पदार्थाला बिनधुराची गोड पूडच वापरतात. कोळशाचा धूर देण्याच्या फंदात पडू नये; तो शिंपल्याची चव झाकून टाकतो.

प्रश्न : मालवणला शिणाणे (इंग्रजीत मसल्स) ताजे मिळतात. त्यांचेही असेच करावे का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर : करता येईल, पण शिणाण्यांना स्पेनमध्ये याहून सोपी वाट आहे. गालिसियात ते बातेया नावाच्या तरंगत्या लाकडी तराफ्यांवरून पाण्यात सोडलेल्या दोरांवर वाढवतात, त्यामुळे त्यांच्यात वाळू कमी असते. आपले शिणाणे खडकांवरून काढलेले असतील तर शिंपा ब्रशने घासून घ्याव्यात आणि फटीतून बाहेर आलेले केस शिजवण्याच्या अगदी आधी, बिजागरीच्या दिशेने ओढून काढावेत. फार आधी ओढले तर शिणाणे मरतात. झाकण ठेवून वाफवावेत, उघडल्यावर पाच मिनिटे उकळू द्यावेत आणि पूर्ण गार करावेत. कांदा, हिरवी आणि लाल सिमला मिरची अगदी बारीक चिरून, तीन भाग ऑलिव्ह तेल आणि एक भाग व्हिनेगर यांत कालवून ते एका शिंपीतल्या मांसावर चमच्याने घालावे. हा थंडच खायचा पदार्थ आहे. रस्सा नाही, मैदा नाही.

प्रश्न : गव्हाची ॲलर्जी असल्यास मैद्याऐवजी काय? उरलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी चालेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : तांदळाचे पीठ, मैद्याच्या निम्म्याने. उरलेल्या तिसऱ्या पुन्हा गरम केल्या की रबरासारख्या होतात, म्हणून आधीच मांस शिंपांतून सोडवून रश्श्यासह दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी त्या रश्श्यात दुप्पट पाणी घालून जाडसर, चिकट न होणारा तांदूळ शिजवावा आणि भात तयार होत आला की मांस त्यात मिसळून भात चांगला वाफाळेपर्यंत ठेवावे. त्यापुढे मात्र ते ठेवू नये.

प्रश्न : मी माद्रिदमध्ये नोकरी करते. इथे बाजारात शिंपल्यांची चार-पाच नावे दिसतात आणि भावात फार तफावत असते. या पदार्थासाठी काय घ्यावे? एकशिपी करायची असेल तर? (एक वाचक, माद्रिद)

उत्तर : आल्मेहा फिना सर्वांत महाग आणि सर्वांत रसाळ, गालिसियातल्या कार्रिल गावची विशेष नावाजलेली. तिच्या शिंपेवर उभ्या-आडव्या रेघांची जाळी दिसते. स्पेनमध्ये अनेक जण ती कच्चीच लिंबू पिळून खातात, तेव्हा मैदा घातलेल्या रश्श्यात ती घालणे म्हणजे पैसा वाया घालवणे, असे माझे मत आहे. मारिनेरासाठी आल्मेहा हापोनिका घ्यावी. ती मूळची पूर्व आशियातली, गालिसियात वाढवलेली, चवीला जवळची आणि भावाला बरीच हलकी. चिरला लहान आणि स्वस्त असते, पण तिच्यात वाळू फार, म्हणून वेळ असेल तरच घ्यावी. जाळीच्या पिशवीवर उगमक्षेत्र आणि पॅकिंगची तारीख लिहिलेली असते. सुटा माल घेत असाल तर दुकानदाराला ती पट्टी दाखवायला सांगावे. हे शिंपले सुटे विकायला काढल्यानंतरही 60 दिवस ती जपून ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे. एकशिपीसाठीही हापोनिकाच चांगली, कारण तिची शिंप खोलगट असल्याने नारळाचे वाटण तिच्यात नीट बसते. पातळ सुरीने उघडण्याचा सराव नसेल तर शिंपले तासभर फ्रीझरमध्ये ठेवावेत. ते स्वतःच किंचित सैल होतात आणि हात कापण्याची भीती राहत नाही.